अर्ज लिहिण्याआधी

अभ्यासपाठ. शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय 1 ते 7



हा पाठ घरसभेत, महिला मंडळात किंवा तरुण संघात एका बैठकीत घेता येईल. बैठकीला येण्याआधी नहेम्याचे पहिले सात अध्याय घरी वाचून यावेत. सातव्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे. ती आपण बहुतेक वेळा गाळतो. या वेळी गाळू नये. का, ते पुढे येईल.

आपल्या कामाला हातभार लावणाऱ्या मंडळींकडून दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला असा : सरकार आदिवासींसाठी एवढा निधी ठेवते, मग आपण वर्गणी कशासाठी काढायची? दुसरा याच्या अगदी उलट : सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यापेक्षा आपणच पैसे जमवून नळ का घालून देऊ नयेत? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांचे उत्तर मला मैंदर्गीच्या बाजूला काम करताना मिळाले, आणि ते माझ्याच एका चुकीतून मिळाले. म्हणून हा पाठ लिहायला मला थोडे जड जाते आहे.

लहान गाव कशावर चालते

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्याचे गाव. कर्नाटकची हद्द जवळ. बाजारात उभे राहिले की एका कानावर कन्नड आणि दुसऱ्यावर मराठी पडते, मध्येच दख्खनी उर्दूही येते. गाव लहान, पण कारभार ग्रामपंचायतीचा नाही. येथे नगरपरिषद आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम 1965 प्रमाणे चाळीस हजारांपर्यंत लोकसंख्येची नगरपरिषद 'क' वर्गात येते. मैंदर्गी त्याच वर्गातली.

अशा नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न किती असणार? घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, आठवडे बाजाराची वसुली, एवढेच. पूर्वी जकात होती. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाकडून अनुदान येऊ लागले. त्यामुळे रस्ता, गटार, दिवाबत्ती, पाण्याची टाकी अशा कोणत्याही मोठ्या कामासाठी लहान शहराला हात पसरावाच लागतो. यात कमीपणा नाही. लोकांनी भरलेला करच फिरून लोकांकडे येतो. पण तो आपोआप येत नाही. मागावा लागतो, आणि मागण्याची रीत पाळावी लागते.

ती रीत थोडक्यात अशी. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवले, त्यातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेला चाळीस टक्के गरजेप्रमाणे वापरता येत होता. मात्र ज्या नगरपरिषदेने आपले हिशेब तपासून लोकांना पाहता येतील असे प्रसिद्ध केले नाहीत, ती अपात्र ठरत होती. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या अमृत 2.0 मध्ये एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या शहरांतील पाणी प्रकल्पांना केंद्राचा वाटा निम्मा होता. बाकीची तजवीज राज्याने आणि शहराने करायची. राज्याच्याही योजना आहेत : नगरोत्थान, अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना, दलितेतर वस्ती सुधारणा योजना. आदिवासी विकास विभागाकडे वस्तीतील सोयींसाठी ठक्करबाप्पा योजना आणि घरांसाठी शबरी घरकुल योजना आहे. या विभागाचे प्रकल्प कार्यालय सोलापुरात आहे.

योजना कोणतीही असो, कागदाची वाट साधारण तीच. सभेचा ठराव होतो. अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता. त्यानंतर निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तकात नोंद, आणि शेवटी पैसे त्याच कामावर खर्च झाले असे उपयोगिता प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो.

ही सारी वाट एका आकड्यापासून सुरू होते : घरे किती, माणसे किती? तो आकडा चुकला की पुढचे प्रत्येक पाऊल चुकीच्याच दिशेने पडते.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी त्या भागातील एका पारधी वस्तीवर मी जात असे. वस्तीचे नाव मुद्दाम देत नाही. वस्ती गावाच्या कडेला. हद्द नगरपरिषदेची की शेजारच्या ग्रामपंचायतीची, हे विचारण्यातच आमचे पहिले दोन महिने गेले. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण हद्दीप्रमाणे योजना बदलते, कचेरी बदलते आणि सही करणारा हातही बदलतो.

लोकांचे म्हणणे साधे होते : पाणी हवे. बायका शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत. शेतमालकाची मर्जी असेल तेव्हा घागर भरे, नसेल तेव्हा रिकामी परते. आम्ही अर्ज करायचे ठरवले. तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

नाताळच्या आधीचा आठवडा होता. माझ्यामागे कार्यक्रमांची घाई. मी दुपारी वस्तीवर गेलो, तोंडाशीच उभा राहून घरे मोजली, दोघातिघांना विचारले आणि वहीत लिहिले : घरे 22. संध्याकाळी खोलीवर बसून सुंदर अक्षरात अर्ज तयार केला. सोबत नकाशाही जोडला. पाळकसाहेबांनी वाचून शाबासकी दिली.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागला, पण मंजूर झाला. जलवाहिनी आली, नळ बसले. आम्ही वस्तीवर उपकारस्तुतीची सभा घेतली, गूळ-खोबरे वाटले. या पत्रिकेतही त्याची बातमी दिली होती. ती मीच लिहिली होती.

वैशाखात मी पुन्हा गेलो तेव्हा वस्ती मला वेगळी दिसली. जिथे मी मोकळी जागा पाहिली होती, तिथे पाले उभी होती. नऊ कुटुंबे ऊसतोडीहून आणि पुण्याकडच्या मजुरीवरून परतली होती. दरवर्षी दिवाळीनंतर ती जातात आणि उन्हाळ्यात येतात. हे वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मी विचारलेच नव्हते. मी "इथे किती घरे आहेत" असे विचारले. "इथली कोण कोण बाहेर गेली आहेत" असे विचारले नाही.

एक म्हातारी नळाशेजारी उभी होती. नळ तिच्या पुतण्याच्या दारात होता. ती मला म्हणाली, "मास्तर, समद्यांची नावं लिवली, मग आमचीच कशी ऱ्हायली?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच कारण हवे होते. मी काहीतरी उत्तर दिले. ते आठवले की आजही मान खाली जाते, कारण मी म्हणालो, "आजी, तुम्ही तेव्हा इथे नव्हता."

त्या नऊ घरांसाठी आम्ही दुसरा अर्ज केला. तो परत आला. त्यावर शेरा होता की या वस्तीचे काम पूर्ण झालेले आहे. कागदावर ते खरेच पूर्ण होते. बावीस घरे मागितली, बावीस दिली. ज्याने तो शेरा लिहिला त्याला दोष देता येत नाही. दार बंद झाले होते ते माझ्या आकड्याने.

नहेम्याने काय केले

त्यानंतर मी नहेम्याचे पुस्तक पुन्हा वाचायला घेतले. लहानपणापासून ते धैर्याचे आणि प्रार्थनेचे पुस्तक म्हणून ऐकले होते. या वेळी ते मला अर्जाचे पुस्तक वाटले. त्यातून चार गोष्टी शिकाव्यात.

*पहिली : तो थांबला.* यरुशलेमची भिंत पडली आहे, वेशी जळाल्या आहेत, हे ऐकून तो रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. किसलेव महिन्यात बातमी आली आणि राजासमोर तोंड उघडले ते निसान महिन्यात. मध्ये सुमारे चार महिने गेले. एवढे दिवस तो नुसता शोक करीत बसला नव्हता, हे पुढच्या गोष्टीवरून कळते.

*दुसरी : त्याने नेमके मागितले.* अर्तहशश्त राजाने "तुला काय पाहिजे" अशा अर्थाने विचारले तेव्हा त्याचे उत्तर तयार होते. किती दिवस लागतील ते त्याने सांगितले. नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रे मागितली. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडाचे पत्र मागितले, आणि ते लाकूड कशाकशाला लागेल तेही सांगितले. आसाफचे नाव त्याला माहीत होते, म्हणजे चौकशी आधीच झालेली होती. "आमच्यावर कृपा करा" एवढेच लिहिलेल्या अर्जावर कोणता अधिकारी काय मंजूर करणार?

*तिसरी : तो स्वतः पाहायला गेला.* यरुशलेमला पोहोचल्यावर तीन दिवसांनी तो रात्री उठला, थोडी माणसे बरोबर घेतली आणि पडक्या भिंतीच्या कडेकडेने फिरला. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाट उरली नाही, तरी तो मागे वळला नाही, ओढ्याच्या बाजूने वर गेला आणि भिंत पाहिली. मी वस्तीच्या तोंडाशीच थांबलो होतो. माझ्या आणि त्याच्या पाहणीतला फरक एवढाच, आणि तो नऊ घरांचा आहे.

*चौथी : काम ज्याचे त्याच्या हाती दिले.* तिसऱ्या अध्यायात सोनार आहेत, गंधी आहेत, शल्लूम आणि त्याच्या मुलीही आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरची भिंत बांधली. आपल्या दारासमोरची भिंत कोणी कच्ची बांधत नाही. पाचव्या अध्यायात गरिबांनी आपल्याच भाऊबंदांच्या सावकारीविरुद्ध आक्रोश केला, तेव्हा नहेम्याने त्या भाऊबंदांना बोलावून जमिनी परत द्यायला लावल्या; आणि अधिकारी म्हणून मिळणारा आपला भत्ताही त्याने घेतला नाही. बावन्न दिवसांत भिंत झाली, कारण लोकांचा त्याच्या हिशेबावर विश्वास होता.

ज्यांची नावे सापडली नाहीत

आता सातव्या अध्यायातील यादीकडे येऊ. भिंत झाल्यावर नहेम्याने लोकांची नोंद पाहिली. त्या यादीत काही माणसे अशी आहेत की त्यांना आपले घराणे सिद्ध करता आले नाही. त्यांच्याकडे कागद नव्हता. तरीही ती यादीबाहेर गेली नाहीत. त्यांची संख्या लिहिलेली आहे : 642.

हे वाचताना मला पारधी समाज आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मालाच गुन्हा ठरवणारा कायदा तो. पारध्यांसह अनेक जमातींना हजेरी, पहारा आणि तारेची कुंपणे सोसावी लागली. सोलापूर शहरातली सेटलमेंट त्याच काळाची खूण आहे. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती कायद्याच्या जाचातून सुटल्या. शिक्का मात्र सुटला नाही. अजूनही गावात चोरी झाली की पहिली नजर पालाकडे जाते, म्हणून कुटुंबे जागा बदलत राहतात. जागा बदलली की शिधापत्रिका राहते एका गावाला, मतदार यादीतले नाव दुसऱ्या, आणि मुलांची शाळा कुठेच नाही.

महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत आहेत. पण त्या जमातीचा दाखला मिळवायला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा विचारला जातो. ज्यांचे आजोबा तेव्हा पहाऱ्यात किंवा रानात होते, त्यांनी तो कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून घरकुल नाही, शिष्यवृत्ती नाही. निधी सोलापूरपर्यंत आलेला असतो. वस्तीपर्यंत पोहोचत नाही.

येथे मंडळीला फार मोठे काम करता येण्यासारखे आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या भागात जुन्या मिशन शाळा होत्या. त्यांची जनरल रजिस्टरे कुठेतरी कपाटात, माळ्यावर, वाळवीच्या तोंडी पडलेली आहेत. त्यातली एखादी ओळ, "जात : पारधी", एवढी एक नोंद एका घराण्याच्या पुढच्या तीन पिढ्यांच्या उपयोगी पडू शकते. ज्या मंडळीकडे अशी रजिस्टरे असतील त्यांनी ती आधी सुरक्षित करावीत.

अभ्यासगट

अर्जाआधी लोकांनी एकत्र बसून शिकायचे, याचे आपल्या राज्यातले नावाजलेले उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असे म्हणत गावात अभ्यासगट चालवले. कायदा काय म्हणतो, नकाशा कसा वाचायचा, हे गावकऱ्यांनी आधी समजून घेतले. निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचा, बहुमताने नाही, हा त्यांचा नियम. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तो अर्ज बाहेरच्या कुणा मास्तराने खोलीत बसून लिहिलेला नव्हता.

आमच्या वस्तीवरही मग आम्ही तसेच केले. दर पौर्णिमेला बैठक. जे बाहेरगावी आहेत त्यांची नावे त्यांच्या नातलगांनी सांगायची. शाळेत जाणाऱ्या एका मुलीने वही धरली. माझ्या 22 च्या जागी तिच्या वहीत 31 घरे आली, आणि एका विधवेचे घर मी चुकून तिच्या दिराच्या नावावर मोजले होते तेही दुरुस्त झाले. माहितीचा अधिकार वापरून जुन्या मंजुरीची प्रत काढली. नव्या अर्जावर माझी सही नाही. तिथे वस्तीतल्या माणसांच्या सह्या आणि अंगठे आहेत.

दोन वर्षे गेली. नऊपैकी सहा घरांना नळ मिळाला. तिघांची कागदपत्रे अजून पुरी झालेली नाहीत. त्या तिघांत ती म्हातारी आहे. ती पुतण्याच्या दारातून पाणी भरते. मी गेलो की ती पुन्हा तो प्रश्न विचारत नाही, पण मला ऐकू येतो.

म्हणून सुरुवातीच्या दोन प्रश्नांचे माझे उत्तर असे. वर्गणीतून नळ घालण्याची घाई करू नये. जे लोकांच्या हक्काचे आहे ते त्यांना हक्काने मिळू द्यावे, म्हणजे पुढे नळ बिघडला तरी विचारायला कचेरी असते. आणि वर्गणी थांबवूही नये. ती लागते वस्तीवर वारंवार जाण्यासाठी, प्रतिज्ञापत्रासाठी, सोलापूरच्या एसटी भाड्यासाठी, बुडालेल्या मजुरीसाठी. या खर्चाला कोणतेही अनुदान नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. नहेम्याने राजाकडे मागण्याआधी कोणकोणती माहिती मिळवली असेल? दुसऱ्या अध्यायातून शोधा.
2. आपल्या मंडळीच्या परिसरात अशी कोणती वस्ती आहे, जिची घरे आपण फक्त रस्त्यावरून पाहिली आहेत?
3. आपल्या गावाला किंवा प्रभागाला मागील वर्षी कोणते अनुदान आले, ते कशावर खर्च झाले? ही माहिती कोण आणेल?
4. आपल्या मंडळीच्या यादीत हंगामापुरते बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची नावे आहेत का?
5. जुन्या शाळेची रजिस्टरे कुठे आहेत? ती कोण पाहून येईल, आणि केव्हा?

प्रार्थनेचे विषय

लहान नगरपरिषदांत आणि ग्रामपंचायतींत प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांसाठी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्याबरोबर शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठी. ज्यांचे नाव अजून कोणत्याही कागदावर नाही त्यांच्यासाठी. आणि आपल्यासाठी, की आपण वस्तीच्या तोंडाशी थांबू नये.